आधी ओढ्याच्या क्रमाने बाटल्या मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका उपसरपंच ताईंच्या गावावरून जाणाऱ्या ओढ्यावर वरपासून खालपर्यंत सात गावं आहेत. प्रत्येक गावात गेल्या काही वर्षांत पाणलोटाचं काही ना काही काम झालं: डोंगरावर सलग समतल चर, कुठे नाला खोलीकरण, कुठे सिमेंट बंधारे. उन्हाळ्यातला टँकर बंद झाला. पण त्यांच्या पिण्याच्या विहिरीच्या तपासणीत नायट्रेट जास्त येतं आणि पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतीला लाल कार्ड, म्हणजे पाणी धोक्याचं असल्याचा शेरा, मिळतं. त्या विचारतात, ‘प्रत्येक गाव आपापलं करतंय, प्रत्येक खातं आपापलं करतंय. हे सगळं जुळवून पाणी चांगलं करायचं तर सुरुवात कुठून करायची?’

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण टँकर बंद झाला की बहुतेक गावं तिथेच थांबतात. मी पंचवीसेक वर्षं नगर आणि पुणे जिल्ह्यांच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यात पाणलोटाची कामं केली. त्यातली पहिली दहा-बारा वर्षं मीही धरून चाललो होतो की पाणी आलं म्हणजे ते चांगलंच असणार. पाणी अडवणं आणि पाणी चांगलं ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. इतकंच नाही, पहिलं काम चुकीच्या क्रमाने केलं तर ते दुसऱ्याचं नुकसान करतं. म्हणून सात गावांचा समन्वय म्हणजे सात सरपंचांची बैठक असं समजू नका. कुठलं काम कुठल्या कामाच्या आधी आणि ओढ्यावर कुठे, हे ठरवणं म्हणजे समन्वय.

हे मला एका बंधाऱ्याने शिकवलं. गावठाणाच्या खाली, पिण्याच्या विहिरीपासून पन्नास-साठ पावलं वर, आम्ही सिमेंट बंधारा बांधला. जागा मीच निवडली होती. पात्र अरुंद, दोन्ही काठ टणक, खाली सार्वजनिक विहीर. पुनर्भरणाला याहून चांगली जागा कागदावर सापडत नाही. पहिल्याच पावसात बंधारा तुडुंब भरला आणि विहिरीला पाच परस पाणी चढलं. लोकांनी नारळ फोडला. मार्चमध्ये बंधाऱ्यात जे उरलं होतं ते हिरवंगार होतं, कारण गावाची दोन्ही गटारं त्याच नाल्यात, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सुटत होती. पाऊस होता तोवर वाहतं पाणी ते पुढे नेत होतं. आता आम्ही ते अडवून, मुरवून, थेट विहिरीत पोचवत होतो. त्या उन्हाळ्यात गावात जुलाबाची साथ आली. आशाताईंनी कोणकोणत्या घरात रुग्ण आहेत ते सांगितलं, तेव्हा सगळी घरं त्याच विहिरीच्या नळावरची निघाली. काम मोजमापाप्रमाणे होतं, बिल निघालं होतं, भिंतीला एक तडा नव्हता. जागा चुकली होती, आणि ती आधी गटाराचं तोंड न बघितल्यामुळे चुकली होती.

हे इतक्या झटपट का होतं, ते आपल्या खडकामुळे. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहे. वाळूच्या प्रदेशात पाणी कणाकणातून गाळत, सावकाश उतरतं. आपल्याकडे वर वीत-दोन वीत माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (झिजलेला, मऊ) खडक, आणि त्याखाली भेगा असलेला पाषाण. माती आणि मुरूम हीच काय ती गाळणी. एकदा पाणी भेगेत शिरलं की ते नळीतून गेल्यासारखं पळतं आणि विहिरीत उपळा होऊन बाहेर येतं. नाला खोलीकरणात पोकलेनने मुरूम काढून पार खडक उघडा केला, की आपण ती गाळणीच काढून टाकलेली असते. डोंगराखालच्या स्वच्छ नाल्यात एक वेळ हे चालेल. गावठाणाच्या किंवा कांद्याच्या वावरांच्या खाली मी आता खोलीकरणाला हात लावू देत नाही. शेतातलं वाहतं पाणी गाळणीशिवाय थेट बोअरमध्ये सोडणं तर त्याहून वाईट, कारण त्यात खत आणि फवारणीचं औषध दोन्ही असतं.

आता सुरुवातीबद्दल. बैठक घ्या, पण रिकाम्या हातांनी नको. सातही गावांतून एकाच दिवशी, सकाळी, पाण्याचे नमुने आणा. प्रत्येक गावातून किमान तीन: पिण्याची विहीर, गावठाणाच्या वरच्या अंगाची एखादी शिवारातली विहीर, आणि खालच्या अंगाची एक. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावात त्या बाया आहेत. संच बहुतेक वेळा ग्रामपंचायतीच्या कपाटात असतो, तो बाहेर काढा आणि रसायनांची मुदत बघून घ्या. त्याच दिवशी जंतूंसाठी हायड्रोजन सल्फाइडच्या कुप्या भरा. कुपीत खुणेपर्यंत पाणी घालायचं, उबदार जागी ठेवायचं आणि एक-दोन दिवसांनी बघायचं. पाणी काळं पडलं की त्यात विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता.

एका ओढ्यावर आम्ही हे केलं तेव्हा बैठक मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात होती. एका शिक्षिकेने सुचवलं म्हणून कुप्या गावांच्या नावाने न मांडता ओट्यावर ओढ्याच्या क्रमाने मांडल्या. वरचं गाव भिंतीकडे, खालचं दाराकडे, आणि मध्ये ओढा म्हणून एक निळी साडी अंथरली. वरच्या दोन गावांच्या कुप्या चहाच्या पाण्यासारख्या पिवळट. तिसऱ्या गावात गावठाणाच्या वरची कुपी पिवळट, खालची डांबरासारखी काळी. तिथून पुढे दोन गावं काळीच. मग एका वस्तीवर परत पिवळट, कारण त्या वस्तीची विहीर ओढ्यापासून लांब, टेकाडाच्या बाजूला होती. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काळ्या कुपीच्या गावातल्या एक आजी उठल्या, जवळ जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे हे आमचंच हाय. वरून न्हाई आलं.’ त्या दिवसापर्यंत ते गाव सगळा दोष वरच्या गावातल्या कोंबड्यांच्या शेडना देत होतं. मी तिथे तासभर व्याख्यान दिलं असतं तरी हे घडलं नसतं. गावाचं नाव लिहिलेला तक्ता वाचला की माणूस आपल्या गावाची बाजू घेतो. ओढ्याच्या क्रमाने मांडलं की तो पाण्याचा माग काढायला लागतो.

नायट्रेटच्या अहवालाबद्दल एक खबरदारी, कारण यावरून मी भांडणं झालेली बघितली आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसला तरी त्यात सवलत नाही. पण काही प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ लिहितात, काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४३ ने गुणला की पहिला मिळतो. समजा एका गावाच्या अहवालात १४ आहे आणि दुसऱ्याच्या ५०. पहिलं गाव निश्चिंत बसेल, पण त्याचे १४ जर नायट्रोजनचे असतील तर ते ६२ होतात, म्हणजे दोघांत जास्त बिघडलेलं पाणी त्याचंच. सात गावांचे आकडे एका वहीत उतरवण्याआधी हे बघून घ्या.

मग नायट्रेट आलं कुठून, हा प्रश्न. ते दोन वाटांनी येतं: गावठाणातून (संडासाचे खड्डे, गोठे, उकिरडे) आणि शिवारातून (युरिया आणि इतर खतं). दोन्हींचा इलाज वेगळा, खातं वेगळं, पैसाही वेगळा. म्हणून आधी ओळख पटवा. गावठाणाजवळच्या विहिरीत नायट्रेटबरोबर क्लोराइडही शिवारातल्या विहिरींपेक्षा चढलेलं असेल आणि कुपी काळी असेल तर संशय सांडपाण्यावर. गावापासून दूर, बागायती वावरांच्या मधल्या विहिरीत नायट्रेट जास्त पण कुपी स्वच्छ असेल तर संशय खतावर. पुष्कळदा दोन्ही असतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात तुमच्या भागातल्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी असतात. ही यंत्रणा १९७२ पासून आहे, त्यामुळे काही विहिरींचा इतिहास खूप मागे जातो. अर्ज करून त्या मागा. तिथले भूवैज्ञानिक, कोणी कळकळीने विचारायला आलं, की वेळ देतात असा माझा अनुभव आहे.

आता कामांचा क्रम. माथा ते पायथा हे तुम्ही ऐकलेलं आहेच आणि ते बरोबरच आहे. डोंगरावरचे चर, गवत, चराईबंदी आधी, म्हणजे गाळ वरच थांबतो, पाणी गढूळ होत नाही आणि खालची बांधकामं भरून जात नाहीत. पण पाण्याच्या गुणवत्तेसाठी माथा-पायथ्याच्या जोडीला मी आणखी एक क्रम लावतो: प्रत्येक गावठाणाच्या बाबतीत आधी घाण बंद, मग खालचं पुनर्भरण. म्हणजे तिसऱ्या गावाच्या खाली कोणाला बंधारा बांधायचा असेल तर त्या गावाच्या गटाराचं तोंड आधी सुधारलं पाहिजे. हा एक नियम सातही ग्रामसभांनी ठराव करून मान्य केला तर निम्मा समन्वय झाला.

गटाराच्या तोंडाशी काय करायचं? फार मोठं काही लागत नाही. आधी गाळ बसायला एक हौद, त्यापुढे उथळ तळं किंवा खडी भरलेला वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. पाणी तिथे काही दिवस रेंगाळलं पाहिजे, यावर सगळं आहे. वाफ्यातून बाहेर पडणारं पाणी नाल्यात न सोडता गावाच्या झाडोऱ्याला किंवा चाऱ्याच्या पट्ट्याला द्या. त्या पाण्यातलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, गवत ओढून घेतं. हौदातला गाळ वर्षातून दोनदा काढावा लागतो आणि तो काढायचं काम कोणाचं हे आधी लिहून ठेवावं लागतं. मी पाहिलेले बंद पडलेले वाफे सगळे गाळामुळे बंद पडले आहेत.

ज्या घरांना जागा आहे तिथे परसातला शोषखड्डा उत्तम. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घराघरात शोषखड्डे करून गटारंच नकोशी केली आणि पुढे तो नांदेड पॅटर्न म्हणून राज्यभर गेला. मात्र शोषखड्डा हा आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्यासाठी. संडासाच्या टाकीचं पाणी त्यात सोडायचं नाही. आणि पिण्याच्या विहिरीजवळ, जिथे हातभर खणलं की खडक लागतो, तिथे शोषखड्डाही नको. संडासाला दोन खड्डे, एक भरला की दुसरा, आणि भरलेला वर्षभर झाकून ठेवायचा, हीच पद्धत आपल्या गावांना योग्य आहे. ज्या घरांनी एकच खोल खड्डा पार खडकापर्यंत नेला आहे, त्यांची यादी करा. ‘आमचा खड्डा दहा वर्षांत भरला नाही’ असं कोणी कौतुकाने सांगितलं, तर तो का भरला नाही याचा विचार करा. तो भेगेत रिकामा होतोय.

शिवारातल्या खताचा विषय जास्त नाजूक आहे. शेतकऱ्याला ‘युरिया कमी टाका, पाणी बिघडतंय’ असं सांगून काही होत नाही. माझं नाही झालं. झालं ते हिशोबाने. रब्बी कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी ४० किलो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे साधारण २१ किलो नत्र असतं. म्हणजे एकराला दोन गोण्यांत काम झालं. प्रत्यक्षात शेतकरी युरियाबरोबर १८:४६ (डीएपी) आणि १०:२६:२६ ही मिश्र खतं पण टाकतो आणि त्यांतलं नत्र मोजतच नाही. शिवाय शेणखत किंवा कोंबडीखत वेगळं.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि हा हिशोब मी प्रत्येक कांदा पट्ट्यात फळ्यावर करून दाखवतो. विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ६० असेल तर त्यात लिटरला सुमारे साडेतेरा मिलिग्रॅम नत्र आहे. एकराला सहा सेंटिमीटरची एक पाळी दिली तर सुमारे २४० घनमीटर पाणी लागतं, म्हणजे त्या पाळीबरोबर सव्वातीन किलो नत्र गेलं. रब्बी कांद्याला दहा पाळ्या धरा: ३२-३३ किलो. म्हणजे दीड गोणी युरिया विहिरीतूनच शेतात येतोय. सगळा पिकाला लागतो असं नाही, काही परत खाली जातो, पण निम्मा जरी लागला तरी पाऊण गोणीचे पैसे वाचतात. हा आकडा पहिल्यांदा फळ्यावर मांडला तेव्हा मागे बसलेले एक शेतकरी स्वतःच्या विहिरीचा अहवाल घेऊन पुढे आले आणि म्हणाले, ‘माझ्याकडे ८५ आहे. माझं काढा.’ त्या हंगामात त्यांनी शेवटचा डोस अर्ध्या वावरात दिलाच नाही. कांदा दोन्हीकडे सारखा निघाला. पुढच्या वर्षी त्यांच्या बांधावरच्या चौघांनी न विचारता तेच केलं.

म्हणून कृषी विभागाकडे मागायचं ते हे: सातही गावांत प्रत्येकी पाच-सहा वावरांत असा अर्धा-अर्धा प्रयोग, आणि माती तपासणीबरोबर विहिरीच्या पाण्याचीही तपासणी. नत्र एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत, आणि पाटपाण्याऐवजी ठिबक किंवा तुषार. पाटाने भरपूर पाणी दिलं की मुळाखाली उतरणारं पाणी नत्र घेऊनच उतरतं. ओढ्याच्या काठाला नांगरट अगदी पात्रापर्यंत नेलेली असते, तिथे तीन-चार मीटर मारवेल किंवा वाळ्याची पट्टी सोडायला लोक तयार होतात, जर तो चारा त्यांचाच राहणार असेल तर. कोंबड्यांच्या शेडवाल्यांना खत उघड्यावर रचू नका, खाली फरशी आणि वर ताडपत्री घाला, एवढं निदान पावसाळ्यापुरतं मान्य करायला लावा. दोष देत गेलात तर दारं बंद होतात. खताचा भाव ओलं झाल्याने पडतो, हे सांगितलं तर ऐकतात.

आता माणसं आणि खाती. कायद्याकडे बघितलं तर महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये पाणलोट क्षेत्रासाठी स्वतंत्र जलसंपत्ती समितीची तरतूद आहे, आणि राज्याचे सुमारे दीड हजार पाणलोट पाडून प्रत्येकाला क्रमांक दिलेला आहे. तुमच्या पाणलोटाचा क्रमांक शोधून तो प्रत्येक पत्रावर घाला. सात ग्रामपंचायतींच्या सात वेगळ्या पत्रांपेक्षा एकाच क्रमांकाची सात पत्रं तालुक्याला वेगळी दिसतात. पण समिती कायद्याने कधी बनेल याची वाट बघू नका. प्रत्येक गावातून दोन माणसं घ्या, त्यातली एक पाणी तपासणारी महिला असलीच पाहिजे. दुसरे जलसुरक्षक, म्हणजे ग्रामपंचायतीच्या वतीने पाण्याची शुद्धता बघणारे, असले तर फार चांगलं, कारण टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी संपली, ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची तपासणी) कधी केली, हे त्यांनाच माहीत असतं. सरपंच ठरावाला हवेत, पण दर महिन्याच्या कामाला नाही. निवडणूक झाली की सरपंच बदलतात आणि नवे सरपंच जुन्यांची समिती मोडतात. तपासणारी बाई बदलत नाही.

खाती मात्र पाच-सहा येतात: कृषी, मृद व जलसंधारण, वन, ग्रामीण पाणीपुरवठा, आरोग्य, भूजल. प्रत्येकाचं उद्दिष्ट वेगळ्या आकड्यात मोजलं जातं. कोणाचे हेक्टर, कोणाचे बंधारे, कोणाच्या नळजोडण्या. तुमच्या नायट्रेटचा आकडा कोणाच्याही उद्दिष्टात नाही, हे आधी मान्य करून टाका. मग त्यांच्याकडून त्यांना करायचंच आहे तेच काम, फक्त जागा आणि वेळ बदलून मागा. कृषी विभाग बांधबंदिस्ती करणारच आहे, ती आधी तिसऱ्या गावाच्या शिवारात करा. बंधारा होणारच आहे, तो दोनशे मीटर वर, गावठाणाच्या वरच्या अंगाला घ्या. अधिकाऱ्यांना अशी मागणी नाकारायला कारण राहत नाही. यासाठी एकच नकाशा लागतो, त्यावर ओढा, गावठाणं, गटारांची तोंडं, पिण्याच्या विहिरी आणि झालेली-होणारी सगळी कामं. आमचा नकाशा एका निवृत्त तलाठ्यांनी गाव नकाशे जोडून कापडावर काढला होता. तो घेऊन आम्ही गटविकास अधिकाऱ्यांकडे गेलो तेव्हा त्यांनी टेबलावरच्या फायली बाजूला करून तो पसरवला.

पैशाचं म्हणाल तर १५व्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवला होता, निम्मा एकाला, निम्मा दुसऱ्याला. गटाराच्या तोंडाची कामं आम्ही अशा बंधित निधीतून केली, शोषखड्डे रोजगार हमीतून. वेगळी योजना शोधत बसू नका. आहे त्या पैशाला ओढ्याचा क्रम लावा.

सगळ्यात अवघड भाग वरच्या गावाचा. त्याचं पाणी चांगलं आहे, मग त्याने खालच्यांसाठी उकिरडे का हलवायचे? यावर मला एकच गोष्ट लागू पडलेली दिसली, ती म्हणजे वरच्या गावाची खरी अडचण विचारणं. आमच्याकडे वरच्या गावाला डोंगरातलं चराऊ रान बंद करायचं नव्हतं, कारण चारा नव्हता. खालच्या बागायती गावांनी दोन पावसाळे आपल्या मक्याचा आणि उसाच्या वाढ्यांचा चारा वर पाठवायचं कबूल केलं, आणि पाठवला. वरच्यांनी रान राखलं. तिसऱ्या वर्षी रानातच गवत झालं. १९७०च्या दशकात पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तिचा पाया पाण्यावरचा हक्क जमिनीच्या मापावर न ठेवता घरातल्या माणसांच्या संख्येवर ठेवण्याचा होता. हिवरे बाजारने दर वर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडून पिकं ठरवली, ऊस आणि शेतीसाठी बोअर बंद ठेवले. ही गावं टिकली ती आपला हिशोब सगळ्यांसमोर मांडल्यामुळे. तुमचं काम त्याहून एका पायरीने अवघड आहे, कारण तुमचा हिशोब सात गावांचा आहे आणि तो पाण्याच्या मापाबरोबर त्याच्या गुणाचाही आहे.

वेळापत्रक असं ठेवा. पहिली तपासणी मे महिन्यात, विहिरी तळाला असताना, आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये, पावसाळा उतरल्यावर. मधे एक, पहिला मोठा पूर येऊन गेल्यावर चार दिवसांनी, फक्त जंतूंची. उन्हाळाभर साचलेलं शेण, उकिरडा, वावरातलं उरलेलं खत, सगळं त्या पहिल्या पुराबरोबर निघतं. म्हणून उकिरडे शेतात जायचे ते मे संपायच्या आत, पेरणीची वाट न बघता. मेचे आकडे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचा, म्हणजे २ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या पुढच्या वर्षाच्या आराखड्यात त्यांच्यावरून काम धरता येतं. ऑगस्ट हुकला की वर्ष हुकलं. सात गावांची वही एकच ठेवा, तिच्यात प्रत्येक नमुन्यासोबत विहिरीतल्या पाण्याची खोलीही लिहा. दुष्काळी वर्षात पाणी कमी म्हणून नायट्रेट चढतं, चांगल्या पावसात पातळ होऊन उतरतं. खोली लिहिली नाही तर तुम्ही पावसाचं श्रेय स्वतःला द्याल आणि दुष्काळाचा दोषही.

हे चालू असताना लोकांना पाणी तर प्यायचंच आहे. टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उकळल्यानेही जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना वरचं दूध देताना हे पाणी वापरायचं नाही, हे आशाताईंनी घरोघर सांगितलं पाहिजे. त्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद नायट्रेटने कमी होते, अंग निळसर पडतं. गावात आरओ केंद्र असेल तर त्याचं पाणी या घरांना आधी. पण आरओचं फेकलेलं पाणी नाल्यात सोडलेलं मी पाहिलं आहे. त्यात नायट्रेट दाट झालेलं असतं. ते झाडांना द्या, ओढ्याला नको.

फळ कधी दिसेल हे सभेत आधीच सांगून टाका, नाहीतर दुसऱ्या वर्षी लोक उठून जातील. गढूळपणा एका पावसाळ्यात कमी होतो. कुप्या काळ्या पडायच्या एक-दोन वर्षांत थांबतात, गटाराचं तोंड नीट झालं आणि विहिरीचा कठडा-ओटा दुरुस्त केला तर. नायट्रेट मात्र सावकाश उतरतं. जमिनीत वर्षानुवर्षं मुरलेलं नत्र अजून खाली येत असतं, आणि तुम्ही युरिया आज बंद केलात तरी ते येत राहतं. आमच्या ओढ्यावर पिण्याच्या विहिरींचे मेचे आकडे खाली येऊ लागले ते चौथ्या वर्षी, आणि तेही सात गावांपैकी चारच गावांत.

येत्या मे महिन्यात पहिले नमुने घ्याल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. पिण्याच्या विहिरीचा नमुना टीसीएल टाकायच्या आधीचा हवा, म्हणून जलसुरक्षकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आणि रासायनिक तपासणीची बाटली त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळून मग काठोकाठ भरायची. जंतूंची बाटली मात्र अजिबात विसळायची नाही. ती निर्जंतुक करून आलेली असते, तिचं झाकण पाणी भरायच्या क्षणीच उघडायचं, वर थोडी जागा ठेवून लगेच लावायचं, आणि बर्फाच्या डब्यात घालून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची.